वतन आणि वतनदारी

‘आम्ही बांगलादेशी नाही हो, सात पिढ्यांपासून इथलेच आहोत.’ हे वाक्य अलीकडे आपल्या तरुणांना वारंवार म्हणावे लागते. भाड्याचे घर बघताना, पोलीस पडताळणीच्या वेळी, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, कधी ऑफिसच्या कँटीनमध्ये कोणी थट्टेत विचारले म्हणून. वाक्य खरे आहे. माझ्या घरापुरते तर शंभर टक्के खरे आहे. आम्ही बागवान, मूळचे साताऱ्याकडचे. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फळबाजारात अब्बांची चाळीस वर्षे गेली. तरीही हे उत्तर देताना आपण एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकतो. माणसाला कसे वागवायचे हे त्याच्या आजोबांच्या जन्मगावावरून ठरवावे, ही ती गोष्ट. ती मान्य करणे आपल्याला परवडणारे नाही आणि ते न्यायाचेही नाही, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

२६ जुलै २०२५ च्या रात्री पुण्याच्या चंदननगर भागात एका घरात जमाव शिरला. घर होते कारगिलच्या युद्धात भाग घेतलेल्या एका निवृत्त सैनिकाच्या नातेवाइकांचे. मध्यरात्री घरात घुसून आपल्याकडे नागरिकत्वाचे पुरावे मागितले गेले, अशी कुटुंबाची तक्रार होती. संशयित बांगलादेशींविषयी माहिती मिळाल्याने पडताळणीसाठी गेलो होतो, असे पोलिसांचे म्हणणे होते. बातमी देशभर गेली. त्यानंतर आपल्या मोबाईलवर फिरलेले मेसेज आठवा. सैनिकाच्या घरच्यांशी असे वागता? या घराण्यातले लोक तर १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही लढले आहेत!

संताप रास्तच होता. पण त्या घरात कोणी सैनिक नसता तर? घरातले सगळे रंगारी किंवा भंगारवाले असते तर त्यांचा अपमान कमी झाला असता का? आणि समजा, त्यांच्यातला एखादा खरोखरच सीमा ओलांडून आलेला असता, तर मध्यरात्री जमावाने घरात शिरणे योग्य ठरले असते का? फेब्रुवारी २०२० मध्ये मार्केट यार्डापासून जवळच असलेल्या धनकवडीत एका राजकीय पक्षाच्या कार्यकर्त्यांनी असेच ‘बांगलादेशी शोधायला’ लोकांच्या घरांत शिरकाव केला होता. कागदपत्रे तपासल्यावर ती माणसे भारतीय निघाली. आपण सुटकेचा श्वास टाकला आणि विषय तिथेच सोडला. जणू कागद बरोबर निघाले हाच काय तो मुद्दा होता.

आधी कायदा बघू, कारण आपल्यापैकी फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. माझ्या थोरल्या बहिणीचा जन्म १९८६ चा, माझा १९८९ चा आणि माझ्या मुलीचा २०१७ चा. तिघेही पुण्यात जन्मलो. पण आमचे नागरिकत्व तीन वेगवेगळ्या नियमांनी ठरते. नागरिकत्व कायदा, १९५५ नुसार २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक असते. परदेशी राजदूतांची मुले वगैरे मोजके अपवाद सोडले, तर आईवडील कोण हा प्रश्नच तिथे येत नाही. माझी आपा या नियमात बसते. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांच्या आईवडिलांपैकी एक जण तरी भारतीय नागरिक असावा लागतो. मी या नियमात येतो. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलासाठी दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक हवा आणि दुसरा ‘अवैध स्थलांतरित’ नसावा. माझी मुलगी या नियमात.

म्हणजे आपा इथे जन्मली म्हणून भारतीय आहे आणि माझी मुलगी आम्ही भारतीय आहोत म्हणून. अठरा वर्षांच्या आत भारतीय नागरिकत्व मातीकडून रक्ताकडे सरकले, आणि बाहेर फारसा गाजावाजा झाला नाही. या बदलांमागे आसामचे आंदोलन आणि ऑगस्ट १९८५ चा आसाम करार होता. तिथल्या लोकांची भीती खोटी होती असे मी म्हणत नाही. पण एका राज्याच्या प्रश्नावरचा हा उपाय साऱ्या देशाला लागू झाला. त्याचा परिणाम असा, की उद्या ससूनमध्ये एखाद्या भारतीय बाईला मूल झाले आणि त्याचा बाप कागदांविना आलेला असला, तर ते मूल भारतीय नाही. ते इथल्या बालवाडीत जाईल, मराठीतून शिकेल, गणपतीत ढोल वाजवेल, ईदला शीरखुर्मा खाईल, तरीही नाही. बारा वर्षे राहून परदेशी माणसाला मिळू शकणारे नागरिकत्वही ‘अवैध’ ठरलेल्याला या कायद्याने बंद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ते दार काही धर्मांच्या लोकांसाठी उघडले. आपल्या धर्माचे नाव त्या यादीत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

सुरुवातीला हे असे नव्हते. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली, तेव्हा सर्वांत जोरदार आक्षेप घेणारे सदस्य आपल्याच विदर्भातले होते, डॉ. पंजाबराव देशमुख. बहुजनांच्या शिक्षणासाठी झटलेला हा मोठा माणूस. मुंबईत घटकाभर थांबलेल्या परदेशी जोडप्याचे मूलही भारतीय ठरेल, मग असे नागरिकत्व फार स्वस्त झाले, अशी त्यांची तक्रार होती. दुसऱ्या कोणत्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला आणि शिखाला, तो जगात कुठेही असो, भारतीय नागरिकत्वाचा हक्क असावा, अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. सभेने ती स्वीकारली नाही. त्याआधी १९४७ मध्ये सरदार पटेल यांनीही याच सभेत सांगितले होते, की राष्ट्रीयत्वाची एक कल्पना व्यापक असते आणि एक संकुचित, आणि आपण व्यापक कल्पना धरावी. फाळणीचे रक्त सांडत असताना, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या असताना या लोकांनी हा निर्णय घेतला. त्यांना धोके कळत नव्हते असे कोण म्हणेल?

मराठी मुसलमान म्हणून आपल्याला एक शब्द दोन बाजूंनी मिळाला आहे. वतन. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी. शाळेत पंधरा ऑगस्टला आपण हा शब्द छाती फुगवून म्हटलेला असतो. मराठीत वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, महार वतन. गावगाड्यात मुलाण्याचाही असा ठरलेला वाटा होता. बाप वतनदार म्हणून मुलगा वतनदार. बापाच्या वाट्याला राबणूक, म्हणून मुलाच्याही वाट्याला तीच. ज्याचे वतन नाही तो उपरा. तो गावात कितीही वर्षे राहिला तरी उपराच.

ही व्यवस्था मोडायला महाराष्ट्राला पिढ्या लागल्या. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात बदल करण्यासाठी विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला, आणि पाटीलकी गेली १९६० च्या दशकात. जन्मावरून माणसाची जागा ठरू नये, हे आपण कायद्यात लिहिले आणि पाठ्यपुस्तकात घातले. नागरिकत्वाच्या बाबतीत मात्र आपण अजून वतनदारच आहोत. एका कॅनडावासी कायदेपंडित बाईंनी, आयलेट शाखर यांनी, २००९ साली एका अख्ख्या पुस्तकात हे मांडले: नागरिकत्व ही वारशाने मिळणारी मालमत्ताच आहे आणि जन्म ही एक सोडत आहे. आपल्याला ही कल्पना परकी वाटायला नको. मार्केट यार्डात कोणाला बापाचा गाळा मिळतो, कोणाला बापाची हातगाडी. गाळा मिळाला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. पण गाळा मिळाला ही आपली कर्तबगारी, असे म्हणणाऱ्याला बाजार हसतो.

आता एक रास्त आक्षेप. सीमा नकोत का? कोणीही यावे, कुठेही राहावे? मी तसे म्हणत नाही. पुण्यात बनावट कागदपत्रांसह बांगलादेशी नागरिक पकडले जातात. त्या सगळ्याच बातम्या खोट्या नसतात. देशाला आपल्या सीमेवर लक्ष ठेवण्याचा अधिकार आहे. मजुरी पडण्याची भीतीही खरी आहे, आणि ती बंगल्यात राहणाऱ्यांपेक्षा पोट हातावर असलेल्यांना जास्त आहे. म्हणूनच मार्केट यार्डाकडे जरा बघायला हवे, कारण या भीतीवरचा एक उपाय याच बाजाराने शोधलेला आहे.

शनिवारी हा बाजार बंद असतो आणि रविवारी पहाटे त्याला उधाण येते. पाठीवर पोती वाहणाऱ्यांत सोलापूरकडचे आहेत, बीडकडचे आहेत. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडलेल्यांची मुले-नातवंडे आहेत. जुने हमाल अब्बांना सांगायचे, की पूर्वी दुष्काळी भागातून आलेला माणूस मिळेल त्या पैशावर राबायचा आणि बोलला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असायचा. यावर बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आलेल्यांना हुसकावून लावा असे म्हटले नाही. त्यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली, हमालीचे दर ठरवून घेतले, आणि पुढे १९६९ चा माथाडी कायदा आला. त्या कायद्याचे सूत्र सोपे आहे. ओझे वाहणाऱ्याची नोंद मंडळाकडे करा, मजुरी मंडळामार्फत द्या, भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचार द्या. तू कुठून आलास, हा त्यात पहिला प्रश्न नाही. तू काय काम करतोस, हा आहे.

गेल्या काही वर्षांत अब्बांच्या शेजारच्या गाळ्यांवर डाळिंबांची प्रतवारी करायला, क्रेट भरायला बंगालकडची मुले दिसू लागली. ती हमालांच्या नोंदीत नाहीत. गाळ्यावरची वरकामाची पोरे. त्यांच्यातला एक जण मालद्याचा. मतदार ओळखपत्राची लॅमिनेट केलेली प्रत तो कायम खिशात ठेवतो. एका मालकाने त्याची तीन आठवड्यांची मजुरी बुडवली. मागायला गेला तर मालक म्हणाला, ‘जा, पोलिसांत तक्रार कर.’ तो गेला नाही. मला म्हणाला, ‘भाईसाब, हम बंगला बोलता है ना.’ तो भारतीय आहे, त्याचे कागद चोख आहेत, तरी त्याची मजुरी बुडाली. ज्याच्याकडे कागदच नाहीत त्याचे काय होत असेल? परका मजूर स्वस्त पडतो तो परका म्हणून नाही. तो घाबरलेला असतो, म्हणून स्वस्त पडतो. आपण जेवढी त्याची भीती वाढवू तेवढा तो आणखी स्वस्त होईल आणि इथल्या मजुराची मजुरी आणखी पडेल. भीतीचा फायदा त्या मालकालाच होतो.

माझे बरेच सहकारी आणि वर्गमित्र अमेरिकेत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी शपथ घेतली त्याच दिवशी एक आदेश काढला. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर तिथे जन्मलेल्या मुलाला आपोआप नागरिकत्व मिळू नये, असा. एच-वन-बी व्हिसावरच्या मराठी घरांत एकच खळबळ उडाली. कोर्टांनी आदेश अडवला तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ‘बाळ तिथे जन्मले, त्याचा काय दोष?’ असे पुण्यातले आजी-आजोबा विचारत होते. अगदी बरोबर विचारत होते. मात्र आपल्या देशाने तो दरवाजा १९८७ मध्येच बंद केला आहे, हे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या गावीही नव्हते. पुढच्याच महिन्यात, ५ फेब्रुवारीला, अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. बेकायदा गेलेली माणसे होती ती. त्यांत तिघे महाराष्ट्रातलेही होते. त्यांना बेड्या घालून आणले म्हणून साऱ्या देशाला अपमान वाटला. त्यांनी कायदा मोडला होता, तरी ती आपली माणसे होती, कोणाची तरी मुले होती. अमृतसरच्या विमानतळावर जी माणुसकी आपल्याला दिसली, ती चाकणच्या किंवा भोसरीच्या मजुराच्या खोलीवर का दिसत नाही?

आपल्या राज्यघटनेला ती दिसते. अनुच्छेद १९ मधली स्वातंत्र्ये ‘नागरिकांना’ आहेत. पण कायद्यापुढील समानता देणारा अनुच्छेद १४ आणि जीविताचे संरक्षण करणारा अनुच्छेद २१ ‘कोणत्याही व्यक्तीला’ लागू आहेत. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या चकमा लोकांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आज ज्याला बांगलादेश म्हणतात त्याच भूमीतून ही माणसे आलेली. तिथल्या विद्यार्थी संघटनेने त्यांना निघून जाण्याची मुदत दिली होती. न्यायालयाने सांगितले, की माणूस नागरिक असो वा नसो, त्याच्या जिवाचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे आणि कायद्याने ठरवलेल्या मार्गाशिवाय कोणालाही हुसकावता येणार नाही. निकाल निःसंदिग्ध आहे. तरीही जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात मजुरी करणारे पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय आहेत हे सिद्ध झाल्यावर त्यांना परत आणावे लागले.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा, म्हणून कागदांबद्दलही थोडे सांगतो. दोन याद्यांमधली नावे जुळवणे हे दिसते तेवढे सोपे काम नाही. ‘शेख’ हे एकच आडनाव इंग्रजीत पाच-सहा प्रकारे लिहिलेले मी पाहिले आहे. बागवानचे कुठे बागबान होते. बाईचे नाव लग्नाआधी एक, नंतर दुसरे. रेशनकार्डावर ‘बी’, आधारवर ‘बेगम’. आमच्या दादीच्या जन्माची नोंद कुठेच नाही. वय विचारले की ती प्लेगची नाहीतर पुराची आठवण सांगायची. यंत्राने अशा नोंदी नाकारल्या तर आमच्या धंद्यात तो यंत्राचा दोष समजतात आणि दुरुस्त करतात. नागरिकत्वाच्या बाबतीत मात्र दोष माणसाच्या माथी येतो, कारण आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने त्याच्यावरच टाकला होता आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो तिथेच ठेवला. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिक नोंदवही जाहीर झाली तेव्हा १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली. त्यांत हिंदूही मोठ्या संख्येने होते. महाराष्ट्रातही जन्माच्या उशिरा केलेल्या नोंदींवर संशय घेऊन २०२५ च्या सुरुवातीला मालेगावसाठी विशेष तपास पथक नेमले गेले. पूर्वजांचे कागद ही कसोटी लावली, की पहिल्यांदा घसरतात त्या आपल्याच दादी-नानी, पारध्यांची पालावरची पोरे आणि ऊसतोडणीच्या फडावर जन्मलेली मुले.

म्हणून ‘सात पिढ्या’ हे उत्तर आपल्याला वाचवत नाही. ते फक्त रांगेत आपल्याला जरा मागे उभे करते, आणि पुढे उभ्या असलेल्याला एकटे पाडते. काही मित्र म्हणतील, ‘आधीच आपल्यावर संशय, त्यात परक्यांची वकिली कशाला?’ या मित्रांची काळजी मला समजते. पण घाबरून केलेला हा हिशोब चुकतो. जमावाला दार ठोठावण्याचा अधिकार नाही, असे एकदा ठरले तर ते सगळ्यांच्या दारांना लागू होते. ज्याचे कागद कच्चे त्याचे दार ठोठावायला हरकत नाही असे ठरले, तर आपले कागद पक्के की कच्चे हे दुसराच कोणी ठरवणार. आणि निव्वळ आपल्या फायद्या-तोट्यापुरते तरी का बोलावे? आपण आपले वर्ष एका हिजरतीपासून मोजतो. ज्यांनी आलेल्यांना घरात जागा दिली त्या मदिनेच्या लोकांना आपण अन्सार म्हणतो, मदतगार.

मग करायचे काय? चार गोष्टी सुचवतो. एक, कोणी ‘बांगलादेशी आहेस का?’ विचारले तर पिढ्या मोजू नका. ‘हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला कोणत्या कायद्याने दिला?’ असे शांतपणे विचारा, आणि पोलीस असतील तर लेखी नोटीस मागा. दोन, आपल्या वस्तीत कागदपत्रांची शिबिरे होतात, तिथे बंगाली, बिहारी मजुरांना आणि भटक्या जमातींच्या कुटुंबांनाही बोलवा. त्यांचा धर्म विचारू नका. तीन, मजुरी बुडवली गेली असेल तर हमाल पंचायतीसारख्या संघटनांपर्यंत त्यांना पोहोचवा. मजुरीचा प्रश्न नागरिकत्वाच्या आधीचा आहे. चार, इथे जन्मून इथेच वाढलेल्या मुलांच्या हक्काची मागणी उघडपणे करा. ब्रिटनने १९८० च्या दशकात निव्वळ जन्मावरून नागरिकत्व देणे थांबवले, पण तिथे जन्मून वयाची पहिली दहा वर्षे तिथेच राहिलेल्या मुलाला नोंदणीचा हक्क दिला. आईबापांचे कागद काहीही असोत. आपल्याला एवढे तरी मागता येईल.

माझी मुलगी आता शाळेत नागरिकशास्त्र शिकेल. ती भारतीय आहे यात तिचे कर्तृत्व काही नाही, माझेही नाही. आम्हाला ते आयते मिळाले. त्याचे वतन करून कुंपण घालत बसायचे, की ज्याला ते मिळाले नाही त्याच्या बाजूने बोलायला ते वापरायचे, हे मात्र आमच्या हातात आहे. बोलल्यामुळे आम्हाला कोणी सीमेपलीकडे ढकलणार नाही, अशी खात्री निदान कागदावर तरी आम्हाला आहे. डाळिंबाचे क्रेट भरणाऱ्या त्या मालद्याच्या मुलाला तेवढीही नाही. म्हणून बोलायचे आपणच.